‘जुन्या फायली उडवू का?’ : गिट, मोठा डेटा आणि त्याच्या पावत्या

“दादा, एप्रिल छाटणीच्या फायली अजून लॅपटॉपवरच आहेत. उडवू का? जागाच नाहीये.”

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडून असा फोन येणं ठरलेलंच. ड्रोन उडवून झालेला असतो, मेमरी कार्ड भरलेलं असतं आणि बांधावर उघडलेल्या लॅपटॉपच्या डिस्कमध्ये शंभर फोटो मावतील एवढीही जागा उरलेली नसते. उत्तर ‘उडव’ असंच असायला हवं, कारण त्या फायली नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ऑफिसात उतरवून घेतल्या होत्या. घेतल्या असणार. पण सगळ्या? आणि नकाशा दुसऱ्यांदा तयार केला, त्यातला तिथं आहे तो नवा की जुना? फोनवर छातीठोक सांगता येत नाही, मग ‘राहू दे, आजचं पेन ड्राइव्हवर घे’ असं म्हणून वेळ मारून नेली जाते. झालं, डेटाला आणखी एक पत्ता मिळाला आणि तो कुठंच लिहिलेला नाही.

हे फक्त ड्रोनवाल्यांचं दुखणं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत साच्यांची कॅड ड्रॉइंग असतात, कॉलेज रोडला लग्नाचे व्हिडिओ कापणारे एडिटर असतात, जुन्या वाड्यांचं लेझर स्कॅनिंग करणारे वास्तुविशारद असतात. सगळ्यांपुढं तीन प्रश्न असतात: फाइलीची कोणती आवृत्ती खरी, ती सध्या आहे कुठं, आणि तिच्या धड प्रती किती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फायलींच्या आवृत्त्यांचा इतिहास ठेवणारं गिट नावाचं साधन 2005 पासून चोख देतंय. उरलेल्या दोन प्रश्नांचा गिटनं विचारच केलेला नाही. तो विचार करायला लावणारी जी साधनं गिटच्या जोडीला आली, ती गिट एलएफएस, गिट-ॲनेक्स आणि डीव्हीसी. ‘उडवू का’ या प्रश्नाला अंदाजानं नाही तर पुराव्यानं उत्तर कोण देतं, एवढ्या एकाच कसोटीवर मी त्यांच्याकडे बघतो.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. समजा एका बागेवरच्या उड्डाणात चारशे फोटो निघाले आणि एकेक फोटो आठ एमबीचा आहे. म्हणजे 3.2 जीबी. ऑफिसच्या फायबरवर 50 एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर हे साडेआठ मिनिटांत वर जातं. मळ्यात मोबाइलवर 2 एमबीपीएस मिळाले तर साडेतीन तास लागतात, तेही मध्ये रेंज गेली नाही तर. आणि हे नुसते कच्चे फोटो. ते शिवून बागेचा जो एकसंध नकाशा होतो, ज्याला ऑर्थोमोझेक म्हणतात, ती एकटी टिफ फाइल सहज एक-दोन जीबीची होते. सेटिंग बदलून तो नकाशा पुन्हा काढला की नवी एक-दोन जीबी. शेतकरी म्हणतो, ‘पहिल्यातच ओळी नीट दिसत होत्या,’ की जुनीही लागते.

मग हे सगळं सरळ गिटमध्ये का टाकू नये?

गिट लिनस टोरवाल्ड्सनं लिहिलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी. तिथला माल म्हणजे मजकुराच्या हजारो छोट्या फायली. गिटमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर सगळा इतिहास असतो. रेपॉझिटरी, म्हणजे गिटच्या ताब्यातलं फोल्डर, क्लोन केली, म्हणजे तिची प्रत आपल्याकडे उतरवली, की पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती उतरते. मजकुराच्या बाबतीत हे परवडतं, कारण दोन आवृत्त्यांत चार ओळींचा फरक असेल तर साठवताना गिट जवळपास तेवढाच फरक ठेवतं. जेपीईजी फोटो, एमपी4 व्हिडिओ, आवळून ठेवलेली टिफ या फायलींच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. त्या आधीच दाबून बसवलेल्या असतात. चित्राच्या एका कोपऱ्यात जरा उजेड वाढवला तरी फाइलीतले बाइट पार बदलून जातात आणि गिटला जुन्या-नव्यात साम्यच सापडत नाही. शिवाय 512 एमबीपेक्षा मोठी फाइल असेल तर मुळात फरक शोधायच्या फंदातच पडायचं नाही, असं गिटमध्ये ठरवूनच ठेवलंय. त्यामुळं एक जीबीचा नकाशा पाच वेळा नव्यानं काढला की रेपॉझिटरी पाच जीबीच्या घरात जाते, आणि ज्याला फक्त आजचा नकाशा हवाय त्यालाही पाचही उतरवावे लागतात.

आणि यातून माघार घेणं सोपं नाही. ‘चुकून टाकली, डिलीट करून पुन्हा कमिट करतो’ असं बरेच जण करतात (कमिट म्हणजे बदल इतिहासात नोंदवणं). त्यानं फाइल फोल्डरमधून जाते, इतिहासातून जात नाही, कारण इतिहास जपणं हेच तर गिटचं काम. ती खरोखर काढायची तर गिट फिल्टर-रेपोसारखं हत्यार वापरून इतिहास नव्यानं लिहावा लागतो आणि बाकी सगळ्यांना जुन्या क्लोन टाकून नव्यानं क्लोन करायला सांगावं लागतं. गिटहब (गिटच्या रेपॉझिटरी ऑनलाइन ठेवणारी सेवा) तर 50 एमबीच्या पुढं इशारा देतं आणि 100 एमबीच्या पुढची फाइल घेतच नाही. बहुतेकांची या विषयाशी पहिली ओळख तिथंच होते: पुश केलं, म्हणजे फायली सर्व्हरवर पाठवल्या, अर्धा तास वाट पाहिली आणि शेवटी लाल अक्षरांत नकार आला.

गिटमध्ये अर्धवट क्लोनची सोयही आहे: फक्त शेवटची आवृत्ती आणा किंवा मोठ्या वस्तू लागतील तेव्हाच आणा. पण त्यात सर्व्हरवर सगळं असावंच लागतं, म्हणजे वरचा अडथळा आहे तिथंच राहतो.

या सगळ्या साधनांनी काढलेली वाट मात्र एकच आहे. शीतगृहात बेदाण्याचे बॉक्स ठेवले की माल तिथं राहतो आणि आपल्या खिशात पावती येते. हिशेब, उचल, सौदा हे सगळं पावतीवर चालतं. बॉक्स हलतो तो खरोखर लागतो तेव्हाच. इथंही तसंच. गिटमध्ये फाइल ठेवायचीच नाही, फाइलीची पावती ठेवायची. मूळ माल दुसरीकडे: ऑफिसचा सर्व्हर, कपाटातली डिस्क, ॲमेझॉन एस3 सारख्या ऑनलाइन साठवणीच्या सेवेतली बकेट (म्हणजे तिथला आपला कप्पा), कुठंही.

या पावतीवर लिहिलेलं काय असतं? फाइलीचं नाव नाही, तर तिच्या मजकुरावरून काढलेली खूण, म्हणजे हॅश. एसएचए-256 नावाची गणिती पद्धत कितीही मोठ्या फाइलीवरून 64 अक्षरांची एक खूण काढते. फाइलीतला एक बिट बदलला तरी खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते, आणि दोन वेगळ्या फायलींची खूण एकच निघेल अशी शक्यता व्यवहारात धरायची गरज नाही. याचा मोठा फायदा असा की माल परत आला की पावतीशी ताडून बघता येतो. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल नक्की’ अशा नावांवर भरवसा ठेवायला नको. खूण जुळली म्हणजे तीच फाइल, बाइट न् बाइट.

गिट एलएफएस हे गिटहबनं 2015 मध्ये आणलं. त्याची पावती उघडून बघितली तर जेमतेम तीन ओळींची टेक्स्ट फाइल निघते. पहिल्या ओळीत पावतीचा नमुना कोणत्या नियमाचा आहे ते, दुसऱ्या ओळीत एसएचए-256 ची खूण, तिसऱ्या ओळीत फाइलीचा आकार बाइटमध्ये. एकूण वजन सव्वाशे-दीडशे बाइट. दीड जीबीच्या नकाशाच्या जागी गिटच्या इतिहासात फक्त हे बसतं.

वापरणाऱ्याला ही पावती सहसा दिसतही नाही. ‘गिट एलएफएस ट्रॅक’ म्हणून एकदा सांगायचं की सगळ्या टिफ फायली तुझ्याकडे; ती सूचना रेपॉझिटरीतल्या एका छोट्या फाइलीत नोंदली जाते आणि तिलाही कमिट करायचं असतं, हे लोक हमखास विसरतात. त्यानंतर फाइल ॲड करताना मध्ये बसलेली चाळणी माल बाजूला काढून गिटच्या हाती पावती देते, आणि चेकआउट करताना, म्हणजे फायली कामासाठी बाहेर काढताना, पावती घेऊन माल पुढं ठेवते. पुश केलं की माल एलएफएसच्या सर्व्हरवर जातो. ज्याला गिट येतं त्याला नवीन काही शिकावं लागत नाही, ही एलएफएसची खरी मिरास.

खाचखळगे दोन-तीनच, पण सगळ्यांना भेटतात. ज्याच्या संगणकावर एलएफएस बसवलेलं नाही त्याला क्लोन केल्यावर टिफच्या जागी नुसती पावती मिळते. नकाशे उघडणारं क्यूजीआयएस म्हणतं, फाइल वैध नाही, आणि माणूस म्हणतो, तुम्ही खराब नकाशा पाठवलात. फाइलीचा आकार बघा, दीडशे बाइट दिसला की समजायचं. ट्रॅक करायच्या आधी जे कमिट झालं ते जुन्या इतिहासात तसंच पडून राहतं. ते हलवायला ‘मायग्रेट’ नावाचा वेगळा आदेश आहे आणि तोही इतिहास नव्यानं लिहितो. तयार सेवांवर साठवणीचे आणि डाउनलोडचेही पैसे मोजले जातात. दहा जणांनी रोज सगळं उतरवलं तर बिल कुठून आलं हे शोधायला लागू नये.

एलएफएसची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे कुलूप. मजकुराच्या फाइलीत दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बदल केले तर गिट ते एकत्र करतं. कॅडचं ड्रॉइंग किंवा फोटोशॉपची फाइल अशी एकत्र करता येत नाही. एकाचं काम फुकट जातंच. म्हणून ‘लॉक’ करून काम करायचं, झालं की सोडायचं. अंबडच्या एखाद्या टूलरूममध्ये चार डिझायनर एकाच साच्यावर बसत असतील तर त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. एलएफएस घ्या, कुलूप लावायची सवय लावा, काम भागेल.

पण दिंडोरीच्या बांधावर एलएफएस कमी पडतं. त्याच्या मनात जग दोनच भागांत आहे: माझा संगणक आणि सर्व्हर. सर्व्हरवर सगळं असणार हे त्यानं गृहीत धरलंय. कपाटातली निळी डिस्क, एसटीनं पाठवलेली डिस्क, घरी नेलेली डिस्क यांची त्याच्या हिशेबात जागा नाही. आणि छोट्या ऑफिसांचा निम्मा डेटा तर नेमका अशा डिस्कांवर असतो.

गिट-ॲनेक्स तिथून सुरुवात करतं. जोई हेस या प्रोग्रामरनं 2010 मध्ये ते हॅस्केल भाषेत लिहायला घेतलं आणि अजूनही त्याचा मुख्य कारागीर तोच आहे. इथं कोणताही एक सर्व्हर मालक नाही. ऑफिसचा डेस्कटॉप, फील्डचा लॅपटॉप, प्रत्येक डिस्क, बकेट हे सगळे समान दर्जाचे साठे. प्रत्येकाला जन्मतः एक ओळखक्रमांक आणि आपण दिलेलं नाव मिळतं. आणि कोणती फाइल कोणत्या साठ्यात आहे याची नोंदवही गिटच्याच एका वेगळ्या ब्रँचमध्ये, म्हणजे समांतर शाखेत, राहते, म्हणजे ती प्रत्येक क्लोनबरोबर सगळीकडे जाते.

‘गिट ॲनेक्स ॲड’ केलं की फाइल उचलून गिटच्या पोटातल्या एका फोल्डरमध्ये तिच्या खुणेच्या नावानं ठेवली जाते आणि तिच्या जागी एक सिमलिंक, म्हणजे त्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा, ठेवला जातो. पावती म्हणजे हा दुवाच. माल इथं असेल तर दुवा उघडतो, नसेल तर तुटका दिसतो. पण तुटका असला तरी फाइलीचं नाव, फोल्डर, इतिहास सगळं दिसत राहतं. पाच टीबीचा संग्रह अडीचशे जीबीच्या लॅपटॉपवर ‘पूर्ण’ दिसतो तो असा. हवी ती बाग ‘गेट’ करून आणायची, काम झालं की ‘ड्रॉप’ करून सोडायची. शिवाय मूळ फाइलीला लिहायची परवानगी काढून घेतलेली असते, त्यामुळं घाईत कुणी कच्च्या फोटोवर काही सेव्ह करू शकत नाही. बदल करायचाच असेल तर आधी ‘अनलॉक’ म्हणावं लागतं. कच्चे फोटो कायम बंदच बरे, हे माझं मत.

आता फोनवरचा प्रश्न. लॅपटॉपवर ‘गिट ॲनेक्स व्हेअरइज’ म्हणून नकाशाचं नाव दिलं की साधारण असं येतं:

ब्लॉक-7-एप्रिल.टिफ : 3 प्रती
— फील्ड लॅपटॉप (इथंच)
— ऑफिस डेस्कटॉप
— निळी डिस्क, कपाट

ही झाली नोंद. नोंद म्हणजे पुरावा नव्हे, आणि गिट-ॲनेक्सला हे पक्कं माहीत आहे. म्हणून ‘ड्रॉप’ म्हटल्यावर ते नोंद वाचून समाधान मानत नाही. ज्या साठ्यांपर्यंत पोचता येतं त्यांना त्याच क्षणी विचारतं, ही खूण असलेली फाइल तुझ्याकडे आहे का? आपण ‘नमकॉपीज 2’ असं ठरवून ठेवलं असेल तर इथली प्रत सोडून दुसरीकडे दोन प्रतींची खातरजमा झाल्याशिवाय ते हात लावत नाही. बांधावरून ऑफिसच्या डेस्कटॉपशी संपर्क झाला पण निळी डिस्क कपाटात बंद आहे, तर उत्तर येतं: असुरक्षित, दोनपैकी एकाच प्रतीची खात्री झाली, या या डिस्क जोडून बघा. आणि फाइल जागच्या जागी राहते.

पहिल्यांदा हे छळ वाटतं. डिस्क कपाटात आहे हे मला माहीत आहे की! पण ती डिस्क मागच्या महिन्यात टेबलावरून पडलेली असू शकते, कुणी ती फॉरमॅट करून भाच्याला पिक्चर भरून दिलेली असू शकते. ज्या साठ्याबद्दल आपल्याला न विचारताही विश्वास आहे त्याला ‘ट्रस्ट’ म्हणून सांगता येतं, मग त्याची नोंदही पुरते. ही सोय मी घरच्या-ऑफिसच्या डिस्कांना कधी देत नाही. त्यापेक्षा बकेट हा दुसरा साठा ठेवावा, कारण तो कायम जोडलेला असतो आणि बांधावरूनही उत्तर देतो.

यात एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. फाइल हलवायला साडेतीन तास लागतात तिथं ‘आहे का’ हे विचारायला काही केबी पुरतात. म्हणजे रेंज कितीही रडकी असली तरी ‘उडवू का’चं उत्तर मळ्यातूनच मिळतं. आणि प्रत्यक्ष माल संध्याकाळी डिस्कवरून गाडीनं येऊ शकतो. नोंदी जुळवणं आणि माल हलवणं ही दोन कामं वेगळी केल्याचा हा फायदा.

डिस्क गाडीनं ऑफिसात आली की ती जोडायची, दोन्हीकडच्या नोंदवह्या ‘सिंक’ करायच्या आणि माल ‘कॉपी’ करून घ्यायचा. दरम्यान दोन्हीकडे स्वतंत्र बदल झाले असले तरी नोंदवही भांडत नाही. प्रत्येक नोंदीवर वेळ असते. दोन्ही बाजूंच्या ओळी एकत्र केल्या जातात आणि एकाच साठ्याबद्दल दोन नोंदी आल्या तर नंतरची धरली जाते. मध्ये सर्व्हर लागत नाही. एखादी डिस्क हरवली किंवा कायमची गेली तर तिला ‘डेड’ म्हणून जाहीर करायचं. मग तिच्यावरच्या प्रती हिशेबातून वजा होतात आणि कोणत्या फायली आता एकाच ठिकाणी उरल्या, ते शोधून त्यांच्या नव्या प्रती काढता येतात. हे शोधता येणं म्हणजे काय, हे डिस्क गेल्यावर ज्यानं रात्रभर फोल्डर ताडून पाहिलेत त्याला विचारा.

प्रत आहे आणि प्रत धड आहे यांत फरक असतो. पडून राहिलेल्या डिस्कवरचे बिट कधी कधी गुपचूप बिघडतात; फाइल दिसते, आकारही तोच, पण फोटोत मध्येच राखाडी पट्टा येतो. ‘एफएससीके’ (fsck) हा आदेश प्रत्येक फाइलीची खूण नव्यानं काढून पावतीशी ताडतो. जुळली नाही तर ती प्रत बाजूला काढतो आणि नोंदवहीतून तिचं नाव वगळतो. चांगली प्रत दुसरीकडे असेल तर तिथून आणता येते. मोठ्या डिस्कवर हे काम तासन्‌तास चालतं, पण थांबवून पुढच्या वेळी तिथूनच पुढं नेता येतं. पावसाळ्यात, ड्रोन उडत नाहीत तेव्हा, कपाटातल्या सगळ्या डिस्का पाळीपाळीनं लावून हे उरकून घ्यावं.

बकेटचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गैरसमज तिथंच जास्त. गिट-ॲनेक्स ज्यांना स्पेशल रिमोट म्हणतं ते म्हणजे असे साठे, जिथं गिट नसतं, नुसता माल असतो: एस3 सारखी बकेट, वेबडॅव, आरसिंकनं पोचता येणारा सर्व्हर, एखाद्या डिस्कवरचं साधं फोल्डर. आरक्लोन या साधनाच्या मदतीनं गूगल ड्राइव्हसारख्या सेवाही जोडता येतात. माल जाताना हवं तर त्याचे तुकडे होतात आणि तो कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून जातो, त्यामुळं बकेटवाल्याला शेतकऱ्याची बाग दिसत नाही.

पण बकेट ब्राउझरमध्ये उघडली की तुम्हालाही बाग दिसत नाही. दिसतात त्या नुसत्या खुणा. फोल्डर नाही, नाव नाही. कोणती खूण कोणत्या बागेची हे फक्त गिट रेपॉझिटरीला माहीत. आणि एन्क्रिप्शनचा ‘शेअर्ड’ प्रकार निवडला असेल तर किल्लीही त्या रेपॉझिटरीतच असते. थोडक्यात, सगळे क्लोन गेले आणि बकेट तेवढी वाचली, तर तुमच्याकडे बिनपावतीचा, बिननावाचा ढीग उरतो. मालाच्या दोन प्रती ठेवणारे लोक काही केबी-एमबीच्या पावत्यांची एकच प्रत ठेवतात, हे मला उलटं वाटतं. रेपॉझिटरी स्वतः लहान असते. ती ऑफिसात, घरी आणि एखाद्या गिट सर्व्हरवर अशी तिन्हीकडे असू द्या.

शेतकऱ्याला किंवा द्राक्ष निर्यातदाराला बकेटमधूनच नकाशा द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा ‘एक्सपोर्ट’ प्रकारचा साठा करता येतो. त्यात फायली आपल्या नेहमीच्या नावांनी आणि फोल्डरांनी दिसतात. साठवणीची बकेट आणि देण्याघेण्याची बकेट वेगळी ठेवली की गोंधळ होत नाही.

डीव्हीसीबद्दल थोडक्यात. तेही पावतीवरच चालतं. प्रत्येक मोठ्या फाइलीमागं डॉट-डीव्हीसी नावाची एक वाचता येणारी छोटी फाइल असते, तिच्यात एमडी5 पद्धतीची खूण आणि आकार. त्याचं वेगळेपण साठवणीत नाही, रेसिपी लिहून ठेवण्यात आहे. पानांच्या फोटोंवरून भुरी आणि डाउनी हे रोग ओळखणारं मॉडेल कुणी शिकवत असेल तर कोणत्या फोटोंवर, कोणत्या प्रोग्रामनं, कोणत्या सेटिंगनं हे मॉडेल निघालं ही साखळी डीव्हीसी सांभाळतं, आणि काही बदललं तर साखळीतला तेवढाच भाग पुन्हा चालवतं. मशीन लर्निंगवाल्या विद्यार्थ्यांनी हे नक्की बघावं. नुसत्या फायली सांभाळायला त्याची गरज नाही.

आणि काहींना यातलं काहीच नको. फायली एकदा तयार झाल्या की बदलत नाहीत, एकच माणूस त्या हाताळतो आणि जागा दोनच आहेत, तर आरसिंक किंवा रेस्टिकसारखं बॅकअपचं साधन पुरे. फक्त आपोआप सिंक होणाऱ्या ड्राइव्हला बॅकअप समजू नका. इकडे उडवलं की ते तिकडेही उडतं, आणि कचरापेटीची मुदत संपल्यावर दोन्हीकडून जातं. याउलट 2027 च्या सिंहस्थाच्या चित्रीकरणाची तयारी करणाऱ्यांनी, आवृत्त्यांची गरज नसली तरी, गिट-ॲनेक्सचा विचार करावा. रामकुंडावर तीन कॅमेरे, त्र्यंबकेश्वरला दोन, प्रत्येकाच्या डिस्का वेगळ्या, आणि कार्ड पुसायचा निर्णय गर्दीत उभं राहून घ्यायचा. तिथं इतिहासापेक्षा ‘किती प्रती, कुठं’ हेच महत्त्वाचं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी काही व्यवहारातल्या गोष्टी, ज्या माहितीपुस्तिकेत शोधाव्या लागतात.

गिट-ॲनेक्स लिनक्सवर रमतं. विंडोजवर चालतं, पण तिथं सिमलिंक नीट नसल्यानं ते फायली खुल्या ठेवून काम करतं आणि थोडं अडखळतं. ऑफिसातलं एक जुनं मशीन लिनक्सवर टाकून त्याला साठ्याचं मुख्य ठिकाण करावं. बाजारातून आणलेली डिस्क बहुधा एक्सफॅट फॉरमॅटची असते. तिच्यावर थेट क्लोन केलं तर सिमलिंक नसल्यामुळं एकेक फाइल दोनदा जागा खाऊ शकते. अशी डिस्क एक्स्ट4 या लिनक्सच्या फॉरमॅटची करून घ्या, नाहीतर तिच्यावर क्लोन न करता साध्या फोल्डरचा स्पेशल रिमोट करा. मग विंडोजवरही ती डिस्क उघडते आणि जागाही दुप्पट लागत नाही.

गिट-ॲनेक्समध्ये साठ्याला जे नाव द्याल तेच नाव मार्करनं चिकटपट्टीवर लिहून डिस्कवर लावा. ‘निळी डिस्क, कपाट’ हे स्क्रीनवर दिसलं आणि कपाटात तीन निळ्या डिस्का निघाल्या की सगळी हुशारी फुकट.

फाइलींचा आकार कितीही असू द्या, पण संख्या लाखांत जाऊ लागली की गिट स्वतःच मंदावतं, कारण त्याला प्रत्येक दुवा तपासावा लागतो. एका रेपॉझिटरीत जगातल्या सगळ्या बागा कोंबू नका. हंगामागणिक किंवा गावागणिक वेगळी रेपॉझिटरी सोयीची.

पहिल्यांदा एकाच बागेचा एकच हंगाम घ्या. त्या फायलींची आणखी एकेक प्रत दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर सुरक्षित ठेवून, लॅपटॉपखेरीज आणखी दोन साठ्यांत त्या ‘कॉपी’ करून, नमकॉपीज 2 करून, त्यातली एक डिस्क काढून घेऊन लॅपटॉपवर ‘ड्रॉप’ म्हणून बघा. नकार आला पाहिजे. डिस्क जोडून पुन्हा म्हणा. आता फाइल गेली पाहिजे आणि ‘गेट’ केल्यावर तशीच परत आली पाहिजे. ऑफिसातल्या प्रत्येकाला हे स्वतःच्या हातानं करायला लावा, ड्रोन घेऊन जाणाऱ्या पोरांना आधी. मग बाकीचे हंगाम भरायला घ्या.